'खळ' : एका शब्दाचा अर्थ आणि त्याचा वाङ्मयीन उपयोग

पदव्युत्तर वर्गात पसायदान शिकवावयाचे म्हणजे शिक्षकाची एक प्रकारे अडचणच असते. जे काव्य विद्यार्थ्यांना लहानपणापासून मुखोद्गत असते, त्यातील शब्दांचा अर्थ विचारण्याची गरज कोणासच वाटत नाही. पाठांतराने शब्द परिचयाचा होतो. पण परिचय म्हणजे बोध नव्हे. काही वर्षांपूर्वी ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाचा समारोप शिकविताना एका विद्यार्थिनीने सरळ प्रश्न केला : "'खळ' म्हणजे दुष्ट माणूस, असे आपण सांगता. मग दुष्टाचा दुष्टपणा नाहीसा झाल्यावर मागे उरतो तो कोण?" त्या दिवशी मी दिलेले उत्तर उपदेशाच्या स्वरूपाचे होते. ते भाषेच्या अभ्यासकाचे उत्तर नव्हते, याची जाणीव मला पुढे होत राहिली. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उत्तर शब्दाच्या बाजूने देण्याचा प्रयत्न आहे.

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. 'खल' हा शब्द संस्कृत वाङ्मयात कवींनी शतकानुशतके वापरून घडविलेला आहे. त्याला निश्चित वाङ्मयीन संकेत चिकटलेले आहेत. ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, तोच शब्द मराठी रूपात हाती घेतला, तेव्हा हे संकेत त्यांच्यासमोर होतेच. त्यांपैकी त्यांनी काय स्वीकारले व काय बाजूस ठेवले, हे पाहिल्यावाचून 'खळ = दुष्ट' हे समीकरण पुरे पडत नाही.

१. शब्दाचे रूप व त्याचे सोबती

प्रथम रूपाचा विचार करू. संस्कृतातील दोन स्वरांमधील एकेरी 'ल' मराठीत सामान्यतः 'ळ' होतो : फल–फळ, बल–बळ, कमल–कमळ, मूल–मूळ, कुल–कुळ. उलट प्राकृतात जेथे जोड 'ल्ल' होता, तेथे मराठीत 'ल' टिकून राहिला : तैल–तेल्ल–तेल, मूल्य–मोल्ल–मोल, गल्ल–गाल. या नियमाची सर्वांत सुंदर साक्ष 'काळ' आणि 'काल' ही जोडी देते. वेळ या अर्थाच्या 'काल'पासून 'काळ' झाला. 'कल्य–कल्ल' यापासून गेलेला दिवस दाखविणारा 'काल' झाला. या नियमाप्रमाणे 'खल' या संस्कृत शब्दाचे मराठी तद्भव रूप 'खळ' असेच व्हावयास हवे, व ते तसेच आहे.

'खळ' या शब्दाच्या आसपास वावरणारे काही शब्द मात्र वेगळे ओळखले पाहिजेत. औषधी कुटण्याचा 'खल' हा रसशास्त्रातील 'खल्व' अथवा 'खल्ल' या शब्दाशी जोडला जातो. त्यातील 'ल' मराठीत 'ळ' झालेला नाही. 'या प्रश्नावर पुष्कळ खल झाला' असे आपण म्हणतो, तेव्हा मनात हाच घोटण्याचा खल असतो. त्यात दुष्टपणाचा अंशही नाही. 'खलबत' हा शब्द अरबी-फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ एकान्त असा आहे. कपड्यास घालावयाची अगर कागद चिकटविण्याची 'खळ' ही स्त्रीलिंगी असून तिचाही आपल्या विषयाशी संबंध नाही.

या सर्वांत विचार करावयास लावणारा शब्द म्हणजे 'खळे'. धान्य मळण्याची जागा या अर्थी 'खल' हा शब्द ऋग्वेदात आढळतो. दहाव्या मंडलाच्या अठ्ठेचाळिसाव्या सूक्तात इंद्र स्वतःच्या पराक्रमाचे वर्णन करताना, खळ्यावरील पेंढ्या झोडपाव्यात तसे मी शत्रूंना झोडपतो, अशा आशयाची उपमा देतो. निघंटूत हा शब्द संग्रामवाचक नामांत दिलेला आहे, आणि यास्काने निरुक्ताच्या तिसऱ्या अध्यायात रण व खळे या दोहोंची व्युत्पत्ती एकाच धातूकडे नेण्याचा यत्न केला आहे. मनुस्मृतीतही खळे या अर्थी 'खल' येतो. आजही देशावरील शेतकऱ्याला खळे म्हणजे तिवड्याभोवती बैलांची पात फिरविण्याची जागा म्हणून परिचित आहे. दक्षिण कोकणात घरापुढील सारवलेल्या अंगणालाही खळे म्हणतात. आणि चंद्राभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाला 'खळे पडले' असे म्हणण्याची आपली रीत आहे. ग्रीक भाषेतही मळणीच्या जागेचा शब्दच चंद्रसूर्याभोवतीच्या वलयासाठी वापरला जातो, हा योगायोग भाषाभ्यासकाला रंजक वाटेल.

येथे मोह असा होतो की, धान्याचे खळे आणि दुष्ट 'खल' यांचा संबंध जोडून एखादी चटकदार कथा रचावी. इंग्रजीतील 'व्हिलन' हा शब्द लॅटिनमधील शेतवाडीवर राबणाऱ्या माणसाच्या नावापासून आला, हे प्रसिद्ध आहे. वरच्या वर्गाने खालच्या वर्गाकडे ज्या दृष्टीने पाहिले, ती दृष्टी त्या शब्दार्थाच्या अधःपतनात गोठून राहिली. परंतु त्या धर्तीवर 'खळ्यावरचा तो खल' असे म्हणण्यास संस्कृत वाङ्मयात आधार नाही. दुर्जन या अर्थाचा 'खल' वैदिक प्रयोगांत आढळत नाही. तो अभिजात संस्कृतात येतो, आणि येतो तो आपल्या स्वतंत्र अर्थासह. समान रूप म्हणजे समान मूळ नव्हे, हा व्युत्पत्तिशास्त्राचा पहिला धडा येथे विसरता कामा नये. शब्दाचा अर्थ शोधावयाचा तो त्याच्या प्रयोगातच.

२. कोशकाराची साक्ष

अमरकोशाच्या तिसऱ्या कांडातील विशेष्यनिघ्न वर्गात 'खल' हा शब्द 'पिशुन' आणि 'दुर्जन' या शब्दांच्या सोबत दिलेला आहे. त्यांच्या लगेच आधी 'कर्णेजप' व 'सूचक', म्हणजे कानाशी लागणारा व चहाडी सांगणारा, हे शब्द येतात. त्यांच्या मागून 'नृशंस', 'घातुक', 'क्रूर', 'पाप' हे येतात, आणि नंतर 'धूर्त' व 'वंचक' यांचा क्रम लागतो. कोशातील शब्दांचा शेजार हा अर्थनिर्णयाचे एक साधन असतो. अमरसिंहाने 'खल' हा खुनी, घातकी अथवा ठक यांच्या पंक्तीत बसविलेला नाही. त्याची जागा चहाडखोरांच्या शेजारी आहे. खलाचे शस्त्र म्हणजे वाणी. त्याचा अपराध म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्यात खोट काढणे, दोन मने एकमेकांपासून फोडणे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. विशेष्यनिघ्न म्हणजे विशेष्याच्या अधीन असणारे शब्द. यांचे लिंग-वचन स्वतःचे नसते. ज्याचे विशेषण असतील त्याप्रमाणे ते बदलते. अर्थात कोशकाराच्या दृष्टीने 'खल' हे मुळात विशेषण आहे. आधी माणूस, मग त्याचे खलत्व, असा हा क्रम आहे. पतंजलींनी महाभाष्यात शब्दांचे जातिशब्द, गुणशब्द, क्रियाशब्द व यदृच्छाशब्द असे चार वर्ग सांगितले आहेत. त्या परिभाषेत बोलावयाचे तर अमरकोशाची मांडणी 'खल' या शब्दाला गुणशब्दांच्या बाजूला ठेवते. काव्यात मात्र या गुणशब्दाचे काय झाले, ते आता पाहू.

याच ठिकाणी 'दुष्ट' या शब्दाकडेही एक दृष्टी टाकली पाहिजे. 'दुष्' या धातूचे ते भूतकालवाचक धातुसाधित आहे. त्याचा व्युत्पत्त्यर्थ 'बिघडलेला' असा होतो. जे बिघडले ते पूर्वी कधी तरी बरे होते, ही कल्पना त्या रूपात अंतर्भूत आहे. मराठीत हा अर्थ पुसट होऊन 'दुष्ट' हे निर्दय या अर्थाचे सामान्य विशेषण झाले. लाडाने रागावताना 'दुष्ट कुठला!' असे म्हणण्यापर्यंत त्याची धार बोथट झाली. म्हणून 'खळ' या शब्दाचा अर्थ 'दुष्ट' या शब्दाने देताना आपण वाणीचे वैशिष्ट्य असलेल्या एका नेमक्या शब्दाऐवजी एक ढोबळ शब्द ठेवीत असतो.

३. खलनिंदेचा संकेत

संस्कृत कवींनी खलाला काव्याच्या उंबरठ्यावरच उभे केले. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने साहित्यदर्पणात महाकाव्याचे लक्षण सांगताना, आरंभी क्वचित खलांची निंदा व सज्जनांचे गुणकीर्तन असते, असे नमूद केले आहे. कथा या गद्यप्रकाराच्या लक्षणातही आरंभीच्या पद्यांत खलादिकांच्या वर्तनाचे वर्णन यावे, असे म्हटले आहे. हा नियम कवींच्या प्रघातावरून बांधलेला आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या कादंबरीच्या प्रास्ताविक पद्यांत खलांना बेड्यांची उपमा दिली आहे : त्या कर्कश वाजतात, अंगावर मळ ठेवतात व टोचतात, सज्जन मात्र पावलोपावली मधुर ध्वनी करणाऱ्या रत्नजडित नूपुरांप्रमाणे मन हरण करतात. बेडी आणि पैंजण ही दोन्ही पायांतच असतात व दोन्ही वाजतात. भेद आहे तो ध्वनीचा. शिवाय 'शृंखला' या शब्दाच्या पोटात 'खल' हा ध्वनी आहेच. सुबंधूने वासवदत्तेच्या आरंभी असाच एक श्लेष साधला आहे. सर्प 'नकुला'चा, म्हणजे मुंगुसाचा, द्वेष करतो. 'न-कुल' अशी फोड केली तर तो आपल्या कुळाचा द्वेष करीत नाही असेही निघते. खल मात्र 'स-कुल' द्वेषी, म्हणजे आपल्या कुळासकट सर्वांचा द्वेष्टा, म्हणून तो सर्पाहूनही भयंकर. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या एकाच पद्यात 'खल' आणि 'पिशुन' हे शब्द एकमेकांच्या जागी आले आहेत. अमरकोशाच्या शेजाराला येथे कवीचा दुजोरा मिळतो.

ग्रंथाच्या आरंभीच खल का? याचे कारण व्यावहारिक आहे. येथील खल हा मुख्यतः वाईट वाचक आहे : गुण सोडून दोष वेचणारा, कवीच्या पाठीमागे कुजबुजणारा, राजसभेत त्याचे वजन कमी करणारा. ज्याचे पोट आश्रयावर अवलंबून आहे, त्या कवीला तलवारबहाद्दर शत्रूपेक्षा असा माणूस अधिक भयंकर वाटला, तर त्यात नवल नाही.

आपल्या महाराष्ट्राशी निकटचा संबंध असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातही हा शब्द रुळलेला होता. हालाच्या गाथासप्तशतीतील एका गाथेचा आशय असा : या जगात बहिरे व आंधळे हेच धन्य, कारण ते पिशुनाचे बोल ऐकत नाहीत आणि खलांची भरभराट पाहत नाहीत. येथेही खल व पिशुन एकत्र आहेत. निंदेचा जुना संकेतच येथे आहे. पण बोलणाऱ्याच्या स्वरात राजसभेपेक्षा गावातील अनुभवाचा कडवटपणा अधिक आहे.

पुढे सुभाषितसंग्रहांत खल हा एक स्वतंत्र विभागच झाला. इ. स. ११०० च्या सुमारास विद्याकराने संकलित केलेल्या सुभाषितरत्नकोशात दुर्जनांची वेगळी व्रज्या आहे. भर्तृहरीच्या नीतिशतकात दुर्जनपद्धती आहे. या पद्यांत सर्प, विंचू, कुत्र्याचे शेपूट यांच्या उपमा वारंवार येतात. विद्येने भूषित असला तरी दुर्जन टाळावा, कारण मस्तकी मणी असला तरी सर्प सर्पच, हा भर्तृहरीचा विचार सर्वश्रुत आहे. उपमेचे हे उपमान लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. सर्प ही जात आहे. सर्प सर्पत्व टाकू शकत नाही. टाकतो ती कातच. अशा उपमांच्या सततच्या वापराने, कोशात गुणशब्द असलेला 'खल' काव्यात हळूहळू जातिशब्दासारखा वागू लागला. 'हा माणूस खलपणाने वागतो' या विधानाऐवजी 'हा खल आहे, म्हणून असाच वागणार' हे विधान आले. एकदा जात ठरली की सुधारणेचा प्रश्नच उरत नाही. उरतो तो टाळण्याचा किंवा ठेचण्याचा.

तथापि, त्याच परंपरेत दुसराही एक सूर आहे. खलाची विद्या वादासाठी, धन मदासाठी व शक्ती परपीडेसाठी असते. साधूची विद्या ज्ञानासाठी, धन दानासाठी व शक्ती रक्षणासाठी असते, असे एक प्रसिद्ध सुभाषित आहे. येथे खल आणि साधू यांच्याजवळ असलेली सामग्री एकच आहे : विद्या, धन, शक्ती. भेद आहे तो तिच्या रोखाचा. नीतिशतकातच खलाच्या व सज्जनाच्या मैत्रीला दिवसाच्या पूर्वार्धातील व उत्तरार्धातील सावलीची उपमा दिली आहे. पहिली आरंभी मोठी असून क्रमाने आखडत जाते. दुसरी आरंभी लहान असून वाढत जाते. सावली तीच, फरक दिशेचा. सर्पाची उपमा व सावलीची उपमा यांतील हे अंतर लहान नाही. पहिलीत खलत्व हा पिंड आहे. दुसरीत तो एक कल आहे.

मराठीत ही सुभाषितपरंपरा पंडित कवींच्या द्वारे आली. सतराव्या शतकात वामनपंडितांनी भर्तृहरीच्या श्लोकांची मराठी रूपांतरे केली, आणि ती पुढे शालेय पाठांतरात शिरली. सुशिक्षित मराठी माणसाच्या मनातील 'दुर्जन' बव्हंशी याच मार्गाने आलेला आहे.

४. ज्ञानदेवांचा प्रयोग

आता मूळ स्थळाकडे वळू. पसायदानात ज्ञानदेव विश्वात्मक देवाजवळ जे मागतात, त्यातील अगदी आरंभीची मागणी खळांविषयी आहे. ग्रंथारंभी खलनिंदा करण्याच्या संस्कृत प्रघाताशी हे ताडून पाहावे. तेथे खल उंबरठ्यावर येतो तो निंदेसाठी. येथे तो ग्रंथाच्या समाप्तीस येतो, आणि येतो तो ज्यांच्यासाठी मागणे मागावयाचे त्यांच्यामध्ये. ज्ञानदेव खळांचा नाश मागत नाहीत. त्यांची 'व्यंकटी', म्हणजे वाकडेपणा, गळून पडावी, सत्कर्माविषयी त्यांची आवड वाढावी, आणि प्राणिमात्रांत परस्पर मैत्री व्हावी, असा त्या मागणीचा क्रम आहे.

या वाक्यरचनेत तीन गोष्टी भाषेच्या दृष्टीने निर्णायक आहेत.

पहिली गोष्ट क्रियापदाची. 'सांडणे' या क्रियेचा कर्ता येथे व्यंकटी आहे, खळ नव्हे. काय नाहीसे व्हावयाचे, ते व्याकरणानेच ठरविले आहे. ज्या गीतेवर हे भाष्य चालले आहे, तिच्या चौथ्या अध्यायात अवताराचे एक प्रयोजन दुष्कर्म्यांचा विनाश हे सांगितले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या बदलाचे महत्त्व कळून येते.

दुसरी गोष्ट षष्ठी विभक्तीची. 'खळांची' ही षष्ठी संबंध दाखविते, आणि संबंध म्हटला की दोन पदार्थ आले. 'राजाचा पुरुष' यात राजा वेगळा व पुरुष वेगळा. पण शास्त्रग्रंथांत याला एक प्रसिद्ध अपवाद सांगतात : 'राहूचे शिर'. राहू म्हणजे केवळ शिरच. शिराहून वेगळा राहू नाही. तेथील षष्ठी शब्दापुरती आहे, पदार्थात भेद नाही. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे मर्म नेमके येथे आहे. खळांची व्यंकटी ही राजाच्या पुरुषासारखी की राहूच्या शिरासारखी? सुभाषितकारांचा खल जातिरूप मानला, तर वाकडेपणा हाच त्याचा पिंड. तो काढून घेतल्यावर मागे काहीच उरू नये, आणि मग ज्ञानदेवांचे मागणे म्हणजे विनाशाचेच सौम्य शब्दांत केलेले मागणे ठरेल.

तिसरी गोष्ट या शंकेचे निरसन करते. पुढच्याच वाक्यखंडात एक सर्वनाम येते, आणि ते त्याच खळांचा निर्देश करते : त्यांची सत्कर्मात रती वाढो. म्हणजे वाकडेपणा गळून पडल्यानंतरही सर्वनामाने दाखविता येईल असा कोणी तरी तेथे शिल्लक आहे. इतकेच नव्हे, तर त्याला आवड आहे, आणि ती वाढू शकते. राहूचे शिर काढून घेतल्यावर 'त्याला' असे म्हणण्यास कोणी उरत नाही. येथे उरतो. म्हणून ही षष्ठी खऱ्या भेदाची आहे. आणखी असे की, वाढावी असे म्हटले आहे, उत्पन्न व्हावी असे नव्हे. जे वाढावयाचे त्याचा अंश आधीपासून असावा लागतो. या शेवटच्या मुद्द्यावर मी फार भार देणार नाही, कारण काव्यात 'वाढणे' हे नुसत्या 'होणे' या अर्थीही येऊ शकते. परंतु सर्वनामाची साक्ष निःसंदिग्ध आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. ज्याची व्यंकटी गेली त्याला 'खळ' या पदाशी बांधलेल्या सर्वनामाने कसे दाखविता येईल? तो आता खळ राहिलाच कोठे? याचे उत्तर व्याकरणपरंपरेने पूर्वीच देऊन ठेवले आहे. वर्तमान अवस्थेने निर्देश करणे शक्य नसेल तर पूर्वीच्या अवस्थेवरून निर्देश करावा, या न्यायाला भूतपूर्वगती म्हणतात. निवृत्त झालेल्या गुरुजींना गाव 'गुरुजी'च म्हणते, तसेच हे आहे. पण भूतपूर्वगती लागू पडण्यासाठीही दोन अवस्थांतून टिकून राहणारी एक व्यक्ती असावी लागते. आक्षेप आपल्या निष्कर्षाला बाधक न होता पोषकच ठरतो.

अशा रीतीने पाहता, कवींनी जातिशब्द करून ठेवलेला 'खल' ज्ञानदेवांनी पुन्हा गुणशब्दांच्या बाजूला आणून ठेवला आहे. त्यांनी नवा शब्द घडविला नाही, जुन्याला नवा अर्थही चिकटविला नाही. एका षष्ठीने व एका सर्वनामाने त्यांनी माणूस व त्याचा वाकडेपणा यांच्यामध्ये फट पाडली. 'व्यंकटी' या शब्दाची निवडही अर्थपूर्ण आहे. वाकडे म्हणजे जे सरळ होऊ शकते ते. सर्पाच्या विषापेक्षा सावलीच्या दिशेशी तिचे नाते अधिक जवळचे आहे.

मात्र यावरून ज्ञानदेव दुष्टतेविषयी सर्वत्र सौम्य आहेत, असा समज करून घेणे चुकीचे होईल. सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीचे व आसुरी वृत्तीच्या लोकांना प्राप्त होणाऱ्या गतीचे वर्णन त्यांनी मुळीच हात न आखडता केले आहे. पण तेथेही, ती गती सांगताना आपली वाणीच रडू लागते, असा भाव त्यांनी व्यक्त केला आहे. ज्याच्या अधोगतीबद्दल वाणी रडते, तो केवळ त्याज्य पदार्थ असू शकत नाही. सोळाव्या अध्यायातील ही करुणा आणि अठराव्यातील मागणे यांची संगती लागते.

५. नंतरचे व आजचे प्रयोग

तुलनेसाठी तुलसीदासांचे उदाहरण घेता येईल. १५७४ मध्ये आरंभिलेल्या रामचरितमानसाच्या बालकांडात त्यांनी खलगणांना चक्क वंदन केले आहे. हे वंदन उपरोधाने भरलेले असून जुन्या खलनिंदेचेच ते उलटे रूप आहे. एकाच पाण्यात कमळ व जळू उत्पन्न होतात, तसे संत व असंत एकाच जगात जन्मून गुणांनी वेगळे होतात, ही त्यांची उपमा जातिपक्षाची आहे. तर सत्संगाने शठही सुधारतो, जसे परिसाच्या स्पर्शाने लोखंड, हा त्यांचाच विचार गुणपक्षाचा आहे. दोन्ही पक्ष एकाच ग्रंथात शेजारी नांदतात. समर्थ रामदासांनी दासबोधात वेगळी वाट धरली. त्यांनी माणसापेक्षा लक्षणांची यादी दिली, आणि दुसऱ्या दशकातील कुविद्येची लक्षणे सांगताना ती त्यागासाठी सांगितली आहेत, असे स्पष्ट केले. लक्षण टाकता येते, ही भूमिका ज्ञानदेवांच्या व्यंकटीच्या जवळची आहे.

आधुनिक मराठीत 'खळ' हे तद्भव रूप बोलण्यातून नाहीसे झाले. ते पसायदानात व संतवाङ्मयातच उरले आहे. जिवंत आहे ते तत्सम 'खल', आणि तेही बहुधा समासाच्या पूर्वपदी : खलपुरुष, खलप्रवृत्ती, खलनायक. यांपैकी 'खलनायक' हा शब्द सर्वाधिक रूढ आहे. संस्कृत नाट्यशास्त्राची परिभाषा 'प्रतिनायक' अशी आहे. दशरूपकात धनंजयाने त्याला लोभी, उद्धट, पापकर्मी असे म्हटले असले, तरी त्याची मुख्य ओळख नायकाचा शत्रू हीच सांगितली आहे. म्हणजे ते नाव त्याच्या कथेतील स्थानावरून पडले. 'खलनायक' या नावात मात्र स्थानापेक्षा स्वभाव पुढे आला. नाटक-चित्रपटांपुरता तो शब्द सोयीचा आहे. पण वृत्तपत्रे व व्यासपीठे आज एखाद्या चालत्याबोलत्या माणसाला 'खलनायक ठरवितात', तेव्हा सुभाषितांतील सर्प पुन्हा परत आलेला असतो. नाटककारांनी तरी असे नेहमी केले नव्हते. मृच्छकटिकातील शकार इतका नीच, तरी शेवटी चारुदत्त त्याला ठार करू देत नाही. शरण आलेल्या शत्रूला शस्त्राने नव्हे तर उपकाराने मारावे, असे तो म्हणतो.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. 'खल' या शब्दाचा मूळ वाङ्मयीन अर्थ सर्वसाधारण दुष्ट असा नसून, वाणीने इतरांचे अहित करणारा, गुणांत दोष पाहणारा असा आहे. कोशकाराने त्याला विशेषण मानले. सुभाषितकारांनी त्याची जात केली. ज्ञानदेवांनी ती जात पुन्हा विशेषणाच्या पायरीवर आणली. म्हणून पसायदानाच्या टिपांत 'खळ = दुष्ट' असे एका शब्दाने न उरकता, 'वाकड्या वृत्तीचा, दुसऱ्याचे भले न सोसणारा माणूस' असा अर्थ द्यावा, आणि 'माणूस' हे विशेष्य त्यातून गाळू नये, असे मला सुचवावेसे वाटते.

संशोधनेच्छू विद्यार्थ्यांना येथे करण्याजोगे काम पुष्कळ आहे. एकनाथ, तुकाराम, मोरोपंत यांच्या काव्यात 'खळ' व 'दुर्जन' हे शब्द कोणत्या विभक्तीत व कोणत्या क्रियापदांबरोबर येतात, याची पद्धतशीर नोंद केली तर जातिपक्ष व गुणपक्ष यांचा मराठीतील इतिहास बराचसा उलगडेल. अर्थविचारात आपण नामांकडे फार पाहतो. प्रत्यय व सर्वनामे यांकडे पाहण्याची सवय लावून घेतली पाहिजे.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला आज मी असे उत्तर देईन : दुष्टपणा गेल्यावर उरतो तो, ज्याच्यासाठी ज्ञानदेवांनी पुढच्या वाक्यात सर्वनाम वापरले तो.